लेबल झाकून चाखलेल्या व्हिस्की

व्हिस्कीबद्दल कुणाचंही मत ऐकताना मी आधी एक गोष्ट विचारते: चाखताना बाटली समोर होती का? समोर असेल तर ते मत मी थोडं राखूनच घेते. माझं पोट चवीच्या चाचण्यांवर चालतं. बिस्किटं, सरबतं आणि मसाल्यांसाठी फ्लेवर बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर नमुने हुंगते, चाखते आणि त्यांच्याबद्दल लिहिते. तिथे चाखणाऱ्याला नमुन्याचं नाव कधीच कळू देत नाहीत, कारण नाव कळलं की जीभ ऐकीव गोष्टी सांगायला लागते. ‘अठरा वर्षं मुरलेली’ असं वाचलं की ती मऊ लागते. ‘भारतीय’ असं वाचलं की काहींना ती घशात जळजळते. दोन्ही वेळा ग्लासात काय आहे ते बघायचं राहूनच जातं.

म्हणून गोरेगावच्या आमच्या घरी व्हिस्कीसुद्धा लेबल झाकूनच चाखली जाते. माझा नवरा दारूला शिवत नाही, त्यामुळे पंच तोच. स्वयंपाकघराचं दार लावून तो आत ओततो, ग्लासवर तीन आकडी नंबर लिहितो आणि कुठला नंबर कुणाचा हे वहीत टिपून वही स्वतःकडे ठेवतो. तीन आकडी नंबर मुद्दाम. ‘१, २, ३’ किंवा ‘अ, ब, क’ लिहिलं की माणूस नकळत पहिल्याला झुकतं माप देतो. चाखायला माझ्याबरोबर धाकटा दीर असतो, खालच्या मजल्यावरचे काका असतात, जे मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, आणि लॅबमधली एक सहकारी, जिचं नाक माझ्याहून तयार आहे.

वेळ रविवारी सकाळी दहाची. जेवणाआधी नाक ताजं असतं, आणि अकरा-साडेअकरानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी मटण शिजायला लागतं, मग कसली व्हिस्की हुंगणार! त्या दिवशी घरात उदबत्ती लावत नाही, कुणी अत्तर लावून येत नाही, गजरा माळत नाही. पंखा बंद, कारण वाऱ्याने ग्लासवर साठलेला वास उडून जातो. माप खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरच्या टोपणाचं, पंधरा मिलीलिटर. दोन ग्लासांच्या मध्ये लादीपावाचा आतला मऊ भाग आणि पाणी. शेव, फरसाण, चणे काही नाही, ते नंतर. थुंकायला कागदी कप ठेवलेला असतो आणि तो सगळे वापरतात. चाखायची वेळ वेगळी, प्यायची वेळ वेगळी.

मुंबईत चाखणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते, कारण परदेशी सल्ल्यात त्या सापडत नाहीत. पहिली उकाड्याची. ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला थंड देशातल्या खोलीसाठी आहे. आपल्या खोलीत पारा बत्तिसावर असतो, आणि त्या उष्णतेत दारूची वाफ आधी नाकात शिरते, बाकीचे वास तिच्यामागे दडतात. बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, विशीच्या आसपास आली की पुरे. बर्फ मात्र नको. बर्फाने उलटा त्रास होतो, वासच आखडतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. भातसा, वैतरणा, तानसाचं आपलं पाणी मऊ आणि चांगलं आहे, पण नळातून येताना त्याला क्लोरीनचा वास असतो आणि तो व्हिस्कीत लगेच कळतो. मी आदल्या रात्री पाणी उकळून, जाळीने झाकून ठेवते. पाणी का घालायचं याचं एक सुरेख स्पष्टीकरण २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडलं होतं. धुरकट वास देणारा गायाकॉल नावाचा रेणू दारूचं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो. प्रमाण ५९ टक्क्यांच्या वर गेलं की दारूचे रेणू त्याला वेढून आत ओढून घेतात. म्हणजे कडक व्हिस्कीत चमचाभर पाणी घातल्यावर जे ‘खुललं’ असं वाटतं, त्याला कारण आहे. शुद्धतेच्या नावाखाली पाण्याला नाही म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

रंगाबद्दल एवढंच सांगते, की त्याच्यावर जाऊ नका. स्कॉचमध्ये साध्या कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी हे समीकरण तिथेच संपलं.

आता एक चाचणी, जी मला फार दिवस करायची होती. मुंबईत असा एकही घोळका नसेल जिथे कुणीतरी ‘ड्यूटी फ्रीचा माल वेगळाच असतो, इथल्या दुकानातला तसा नसतो’ असं म्हणत नाही. काकांचंही तेच ठाम मत. म्हणून एकाच नामवंत ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेल्या, स्कॉचच्या दोन बाटल्या घेतल्या, एक विमानतळावरची आणि एक स्टेशनजवळच्या वाईन शॉपमधली. पहिलीवर ४० टक्के लिहिलेलं, दुसरीवर ४२.८. हा विचित्र आकडा आपल्याकडच्या बाटल्यांवर सर्रास दिसतो. तो दारूचा कडकपणा सांगणाऱ्या जुन्या ब्रिटिश ‘प्रूफ’ मोजणीतून आला आहे, त्यांच्या हिशेबात ७५ डिग्री. थोडक्यात, इथली बाटली अंमळ कडकच होती. दुकानातल्या प्रत्येक मापात एक मिलीलिटर पाणी घालून दोघींना समान पातळीवर आणलं आणि त्रिकोणी चाचणी लावली. यात प्रत्येकासमोर तीन ग्लास असतात, दोघांत एकच व्हिस्की असते, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा असतो. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा बरोबर येतं, म्हणून ग्लासांचा क्रम बदलून आम्ही फेऱ्या वाढवल्या. कुणालाही वेगळा ग्लास सातत्याने ओळखता आला नाही. काकांनी वही स्वतः तपासली आणि म्हणाले, “मग मी इतकी वर्षं बॅगेत वजन कशाला वाहिलं?” चौघांच्या चाचणीला मी संशोधन म्हणणार नाही, पण आमच्या घरापुरता तो प्रश्न मिटला.

बाटल्यांकडे वळते. क्रम सौम्यापासून धुरकटाकडे, कारण धूर एकदा जिभेवर बसला की पुढचं काही धड कळत नाही.

सुरुवात आयर्लंडच्या रेडब्रेस्टने, १२ वर्षांची. ही कॉर्क परगण्यातल्या मिडलटनला बनते आणि हिला ‘सिंगल पॉट स्टिल’ म्हणतात, म्हणजे मोड आणलेली आणि मोड न आणलेली, अशी दोन्ही प्रकारची बार्ली एकत्र घेऊन तांब्याच्या हंड्यांत गाळलेली. या पद्धतीमागे कराची गोष्ट आहे. १७८५ साली मोड आणलेल्या धान्यावर कर बसला आणि आयरिश गाळणाऱ्यांनी कच्ची बार्ली मिसळायला सुरुवात केली. कर केव्हाच गेला, चव राहिली. कच्च्या बार्लीमुळे या व्हिस्कीला एक स्निग्धपणा येतो, जो मी दुसऱ्या कुठल्याच देशाच्या बाटलीत इतका स्पष्ट अनुभवलेला नाही. वासात भिजवून सोललेले बदाम, बेदाणे, थोडी वेलची. घोट जिभेवर साय धरतो. तीनदा गाळलेली असल्यामुळे कुठे बोचत नाही. पण ४० टक्क्यांवर ती जरा लवकर संपते, आणि पाण्याचे चार थेंब पडले तर पसरटच होते. हिला पाणी घालू नका. व्हिस्की कधी आवडलीच नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मी पहिला ग्लास हिचाच देईन.

अमेरिकेची मेकर्स मार्क मला पहिल्याच हुंगण्यात ओळखू आली, आणि त्यात माझं कौतुक काही नाही. ही बोर्बन, म्हणजे अमेरिकी प्रकारची व्हिस्की. बोर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपांतच मुरवावी लागते. कोरं लाकूड भरभरून देतं: व्हॅनिलिन, लवंगेतलं युजेनॉल, आणि खोबऱ्याचा वास देणारं ओक लॅक्टोन. हे तिन्ही आमच्या लॅबच्या फडताळात बाटल्यांतून असतात. मेकर्स मार्कमध्ये राय नावाच्या धान्याऐवजी गहू घालतात, म्हणून तिखटपणा कमी आणि गोडी जास्त, नारळीपाकाच्या अंगाने जाणारी. माझ्या सहकारीने हिला वरचा क्रमांक दिला. मला दुसऱ्या घोटानंतर नवीन काही सापडलं नाही.

ग्लेनड्रोनाक १२. स्कॉटलंडच्या ॲबरडीनशरमधली, १८२६ पासूनची भट्टी. शेरीच्या, म्हणजे स्पेनच्या एका कडक वाईनच्या, पिंपांत मुरलेली, ४३ टक्के. हा ग्लास येईपर्यंत खोलीत गप्पा चालू होत्या, त्या थांबल्या. काळ्या मनुका, खजूर, दालचिनी, आणि जिभेच्या कडांना चिंच-गुळाची आंबटगोड ओढ. शेरीचं पिंप आज इतकं महाग का, तर पूर्वी शेरी स्पेनहून पिंपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडला स्वस्तात मिळायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरायचा नियम आला आणि तो झरा आटला. आता व्हिस्कीवाले खास पिंपं बनवून घेतात, त्यांत काही काळ शेरी भरून ठेवतात आणि मगच व्हिस्की ओततात. तो सगळा खर्च बाटलीवर चढतो. ग्लेनड्रोनाकमध्ये तो चवीत वसूल होतो असं मला वाटतं. दिवाळीत अनारसे झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर, सावकाश घ्यायची ही व्हिस्की आहे. चमचाभर पाण्याने हिच्यातली संत्र्याची साल वर येते.

जपानच्या निका फ्रॉम द बॅरलबद्दल मला जास्त बोलायचं आहे. छोटी, चौकोनी, अर्ध्या लिटरची बाटली, ५१.४ टक्के. मासाताका ताकेत्सुरू १९१८ साली स्कॉटलंडला गेले, तिथे भट्ट्यांत राबून वह्या भरभरून टिपणं घेतली, परत येऊन आधी शिंजिरो तोरी यांच्यासाठी यामाझाकीची भट्टी उभी केली आणि मग १९३४ साली होक्काइडोतल्या योइचीला स्वतःची काढली. तीच पुढे निका झाली. या बाटलीत माल्ट (नुसत्या मोड आणलेल्या बार्लीची) आणि ग्रेन (इतर धान्यांचीही) अशा दोन्ही व्हिस्की एकत्र केलेल्या आहेत, आणि हे मिसळण्याचं काम इतकं नेटकं आहे की कुठला धागा कुठून आला ते सुटं काढता येत नाही. वासात पिकलेलं केळं, मोसंबीची साल, लवंग. घोट घट्ट आणि भरगच्च. एवढ्या कडकपणातही घसा खरवडत नाही. आता महत्त्वाची गोष्ट. जपानच्या उत्पादकांच्या संघटनेने २०२१ साली नियम जाहीर केले, ते १ एप्रिल २०२४ पासून पूर्ण लागू झाले: धान्य भिजवणं, आंबवणं, गाळणं, निदान तीन वर्षं मुरवणं, बाटलीत भरणं, सगळं जपानमध्येच झालं असेल तरच ‘जपानी व्हिस्की’ म्हणायचं. फ्रॉम द बॅरल या व्याख्येत बसत नाही, आणि हे निकानेच जाहीरपणे सांगितलं. मला ते फार आवडलं. व्याख्येबाहेरची व्हिस्की चवीत कमी ठरत नाही, आणि ग्राहकाला खरं कळतं. आम्हा चौघांच्याही यादीत ती वर होती.

आपल्याकडे याच बाबतीत अंधार आहे, म्हणून दोन वाक्यं. इथे ‘व्हिस्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त बाटल्यांत उसाच्या मळीपासून काढलेलं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे स्वतःची चव नसलेलं मद्यार्क, असतं. युरोपात अशी दारू व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, कारण तिथे व्हिस्की धान्याचीच लागते. लेबलावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या.

तैवानची ‘कवालान सोलिस्ट व्हिन्यो बारीक’ खालच्या मजल्यावरच्या काकांकडच्या बाटलीतून चाखायला मिळाली. किंग कार हा कॅनमधल्या कॉफीसाठी ओळखला जाणारा उद्योगसमूह, त्यांनी यिलानला भट्टी काढली आणि २००६ साली पहिली व्हिस्की गाळली. २०१५ मध्ये हीच बाटली वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीतली माल्ट व्हिस्की, ठरली. यश पिंपांचं आहे. वाईनची जुनी पिंपं आतून तासायची, शेकायची, पुन्हा जाळायची, ही व्हिस्कीतज्ज्ञ डॉ. जिम स्वान यांची पद्धत. पिकलेला आंबा, खरबूज, पेढा, मागून काळी मिरी. थक्क व्हायला होतं, पण अर्ध्या मापानंतर मन भरतं. बाटली विकत घेण्यापेक्षा कुणाकडे असेल तिथे जाऊन एक पेग घ्यावा.

मग ग्लास नंबर ५३८. वासात भाजलेलं अननस, खडीसाखर, उघडलेल्या जुन्या लाकडी पेटीतला दरवळ, त्यामागे काळा चहा. घोटात बेदाणे आणि आलं. शेवटी कातासारखा तुरटपणा, जो लाकडातून येतो आणि मला जरा जास्त वाटला. दीर म्हणाला, “वहिनी, ही महागातली असणार.” नंबर उघडला तर इंद्री त्रिनी. हरयाणातल्या कर्नाल जिल्ह्यातल्या इंद्री गावची, पिकॅडिली कंपनीची, २०२१ साली बाजारात आलेली. बोर्बन, फ्रेंच वाईन आणि पेद्रो हिमेनेझ शेरी, अशा तीन पिंपांतल्या व्हिस्की एकत्र केलेली, ४६ टक्के. तो तुरटपणा सोडला तर हिच्यात नाव ठेवायला जागा नाही, आणि ग्लेनड्रोनाक किंवा पुढे येणाऱ्या लफ्रॉइगच्या तुलनेत ती बऱ्याच कमी पैशांत येते. सोड्यातही टिकते. लग्नाच्या हॉलवर, पाहुण्यांच्या गर्दीत, सगळ्यांना चालेल अशी एकच चांगली बाटली कुणी विचारली तर मी हिचं नाव सांगते.

आणि अमृत फ्यूजन. हिच्यावर थांबायलाच हवं. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली बंगळुरूत अमृत डिस्टिलरीज सुरू केली. २००४ साली त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला काढली ती थेट ग्लासगोत, स्कॉटलंडच्या दारात. फ्यूजन त्यानंतरची. हिमालयाच्या पायथ्याकडची बार्ली आणि स्कॉटलंडहून आणलेली, पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या) धुरावर वाळवलेली बार्ली, दोन्ही वेगवेगळी गाळायची, वेगवेगळी मुरवायची आणि मग एकत्र करायची. ५० टक्के. व्हिस्कीचे समीक्षक जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’च्या २०१० च्या आवृत्तीत ती जगात तिसरी आली आणि भारतीय व्हिस्कीकडे बघायची नजर बदलली.

आमच्या टेबलावर ती ९०४ होती. पहिला वास संत्र्याच्या मुरांब्याचा. मग भिजवलेलं धान्य, काकवी, आणि दूर कुठेतरी पाचट जळत असावं तसा धूर. हा धूर पुढे पुढे करत नाही. घोट घेतल्यावर आधी गोडी येते, मग मिरी, आणि गिळल्यावर धूर परत वर येतो. पंधरा मिलीलिटरला चहाचा अर्धा चमचा पाणी घातलं की मधोमध चॉकलेटची कडसर चव येते, जी त्याआधी नव्हती. इतके थर, आणि एकही दुसऱ्याला झाकत नाही. मी वहीत ‘कॅम्पबेलटाउन?’ असं लिहिलं होतं. सहकारीने ‘आयला बेटाजवळची’ लिहिलं. दोन्ही ठिकाणं स्कॉटलंडमधली, व्हिस्कीसाठी नावाजलेली. वही उघडल्यावर आम्ही दोघी थोडा वेळ ग्लासकडेच बघत बसलो.

या बाटलीवर वय लिहिलेलं नाही, आणि इथेच पुष्कळ लोक अडखळतात. वय हा आकडा हवेशी जोडून वाचावा लागतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. बंगळुरूत ते प्रमाण १० ते १२ टक्क्यांच्या घरात असतं. त्या हिशेबाने सहा-सात वर्षांत निम्मं पिंप रिकामं! उष्णतेने द्रव लाकडात जास्त शिरतो, जास्त बाहेर येतो, लाकडातलं सगळं झपाट्याने ओढून घेतो. तिथे अठरा वर्षं ठेवायची म्हटली तर उरेल ते लाकडाचा कडू काढा असेल. म्हणून आपल्या माल्टला कमी वयाची म्हणून मागे ढकलणं चुकीचं आहे, आणि हे मी देशाभिमानाने म्हणत नाही. लेबल झाकून, स्कॉटलंड, आयर्लंड, जपानच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवून, माझ्या यादीत ती पहिली आली. निका दुसरी, ग्लेनड्रोनाक तिसरी.

गोव्याच्या पॉल जॉनची ब्रिलियन्सही या रांगेत होती. मध, धान्य, थोडं आलं. स्वच्छ आणि सरळ. चांगली आहे, पण अमृतनंतर ओतली गेली हा तिच्यावर अन्याय झाला. तिला एकटीला वेळ द्यायला हवा.

शेवटी धूर. लफ्रॉइग १०, आयला बेटावरची, १८१५ पासूनची. हिच्यात गायाकॉलबरोबर क्रेसॉल असतात, आणि क्रेसॉलचा वास म्हणजे जुन्या लाल कार्बोलिक साबणाचा, दवाखान्यातल्या टिंक्चरचा. त्यात आयलाच्या पीटमध्ये समुद्राकाठचं शेवाळ-गवत कुजलेलं असतं, म्हणून खारट किनारा. वर्सोव्याला बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखालून ज्यांनी चालून पाहिलं आहे, त्यांना हा वास परका वाटणार नाही. काकांनी ग्लास नाकाला लावला आणि डोळे मिटून म्हणाले, “इंजिन रूम. पहाटेची पाळी.” दिराने तो ग्लास बाजूला सरकवला आणि परत घेतला नाही. दोघांचं म्हणणं मला पटतं. धुरामागे व्हॅनिलाची छान गोडी आहे, पण तिथवर पोचायला धीर लागतो. ही बाटली कुणालाही भेट देऊ नका. आधी एक घोट चाखवा.

त्याच फेरीत डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीची क्रेझी कॉक धुआ ठेवली होती. मुंबईहून लोकलने जाता येईल अशा गावात सिंगल माल्ट गाळली आणि मुरवली जाते याचं मला मनापासून अप्रूप आहे. धूर हलका, विझत आलेल्या चुलीचा, आणि खाली पिकलेल्या चिकूची रवाळ गोडी. झाकून चाखल्यामुळे चिकू डहाणूच्या नावाने आठवला असं म्हणता येणार नाही. वहीत ते नाव कळायच्या आधीच लिहिलं होतं. घोटाचा मधला भाग मात्र पातळ वाटला. लफ्रॉइगने बिचकलेल्या दिराला ही आवडली. धुराची ओळख करून घ्यायची असेल तर इथून सुरू करा आणि मग आयलाकडे जा.

किमतीबद्दल. स्कॉचसारख्या परदेशी बाटलीवर केंद्राची सीमाशुल्काची १५० टक्के आकारणी होत आली आहे आणि वर राज्याचं शुल्क. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं विशेष शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, तेव्हा मुंबईतल्या दुकानांत फरक दिसला होता. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात सीमाशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या स्कॉच पुढे स्वस्त होतील अशी आशा ठेवायला जागा आहे. परदेशातून येणारा प्रवासी शुल्क न भरता दोन लिटर आणू शकतो. माझं मत, ती जागा इथे न मिळणाऱ्या बाटलीसाठी ठेवावी. आणि राज्यात कडक मद्यासाठी वयाची अट २५ ची आहे, शिवाय परवाना लागतो. तो एकदाच आजन्म काढून ठेवावा.

दुकान निवडताना मी बाटल्या कुठे मांडल्या आहेत ते बघते. पश्चिमेकडच्या काचेत, संध्याकाळच्या उन्हात उभ्या असलेल्या माल्टवर एकदा पैसे घालवले आहेत. बूच सुकलेलं होतं, पातळी खाली गेलेली, आणि वासात ओल्या पुठ्ठ्याशिवाय काही उरलं नव्हतं. बाटली उजेडासमोर धरून मानेपर्यंत भरलेली आहे ना ते बघा.

घरात एकच ठेवायची तर अमृत फ्यूजन घ्या. उघडल्यावर पहिल्याच दिवशी मत बनवू नका. पहिला पेग काढून झाल्यावर दोन आठवड्यांनी ती जास्त मोकळी होते. उभी ठेवा, आडवी नको, कारण वाईनचं बूच ओलं राहावं लागतं पण व्हिस्कीचं बूच दारूने झिजतं. कपाटात, अंधारात, गॅसच्या शेगडीपासून लांब. आणि तळाशी पाव भाग उरला की छोट्या काचेच्या बाटलीत काढून घ्या, नाहीतर वरची हवा धुराचा वास आधी खाऊन टाकते.